बोलणं झालं काय?

गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथे माझी अजून सोयरीक आहे, उद्या लग्नाकार्याला गेलो तर लोक मलाच धरतील. बाळापूर आणि तेल्हारा यांच्यामधल्या काळ्या मातीत कुठेतरी ते आहे, एवढ्यावर भागवा. सन चौसष्टच्या वैशाखात, एका शुक्रवारी सकाळी दहाच्या एस.टी.नं देवमन तिथे उतरला. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत पकड, कथील, तारेचं भेंडोळं, तपासणीचा फोन आणि वरच्या साहेबाचं पत्र. काम टेलिफोनच्या खात्याचं होतं, अगदी रोजच्यासारखं.

पत्रात लिहिलं होतं की या गावच्या बोर्डावरचे दोर अडकून राहतात. सोमवारपर्यंत कारण शोधून लेखी कळवावं. यंत्रात दोष न निघाल्यास ऑपरेटर बाईचा हलगर्जीपणा समजून तिला कमी करण्यात येईल.

आता हे दोर म्हणजे काय ते आधी ऐका, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. तेव्हा फोनला आकडे फिरवायची तबकडी नव्हती. घरच्या पेटीचं हँडल फिरवलं की गावातल्या एका खोलीतल्या लाकडी बोर्डावर तुमच्या नंबराची पितळी झडप खटकन पडायची. मग तिथे बसलेली ऑपरेटर एक दोर तुमच्या भोकात खोचायची, त्याचा जोडीदार दोर पलीकडच्या माणसाच्या भोकात, आणि तुम्ही बोलायचे. बोलणं संपलं की पुन्हा एकदा हँडल फिरवायचं. झडप पडते, ऑपरेटर दोर काढून घेते, तो दुसऱ्याच्या कामी येतो. पण आपले लोक! बोलणं झालं की फोन आपटून मोकळे, हँडल कोण फिरवतो. म्हणून नियम असा होता की बऱ्याच वेळात झडप पडली नाही तर ऑपरेटरनं मधे कान घालायचा, दोनदा विचारायचं, ‘बोलणं झालं काय?’ उत्तर नाही आलं तर दोर काढायचा आणि चिठ्ठीवर ‘झालं’ असं लिहायचं.

या गावच्या बोर्डाला दोरांच्या दहा जोड्या होत्या. गावात फोन पंचवीस. म्हणजे दहा दोर पुरून उरावेत. पण महिन्याभरापासून रोज सकाळी दहाच्या दहा मोकळे असत, आणि दुपारी तीनपर्यंत एकही उरत नसे. एकेक करून सगळे अडकून बसत, आणि मग गाव मुकं होई.

ऑपरेटर होत्या बेबीताई. चाळिशीच्या, पोस्टमन नवरा गेल्यावर या खुर्चीवर बसलेल्या, घरी दोन पोरी. पत्र्याच्या त्या खोलीत वाळ्याचा पडदा ओला करून बसलेल्या होत्या. देवमनला त्यांनी माठातलं पाणी दिलं आणि आपणहून सांगून टाकलं की त्या स्वतःच दोर काढत नाहीत.

“कान लावला का श्वास आयकू येते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पलीकडे कोनी तरी हाय. जित्या मानसाचं बोलनं मी कसं तोडू? रात्री श्वास आपसूक थांबला का मंगच काढते.”

देवमननं मान हलवली. तो बोलणारा माणूस नव्हताच. पूर्वी होता म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको पंचफुला अमरावतीच्या एका दवाखान्यात वारली, बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून त्याचं जेवण, झोप, नोकरी सगळं वेळच्या वेळी चालू होतं, पण त्याला त्यातलं काही लागत नव्हतं. भाजीत मीठ नसलं तरी तो मुकाट खायचा. त्याची माय सुंदराबाई शेजारणीला सांगायची की पोरगं रडलंच नाही, मले त्याचाच घोर आहे. खरं होतं ते. त्याला वाईट वाटत नव्हतं, आणि आपल्याला वाईट वाटत नाही याचंही त्याला काही वाटत नव्हतं.

बेबीताईंनी मग पुंजारामचं सांगितलं. तेव्हा मात्र त्या खाली बघत होत्या. गावाबाहेर कापसाचं जिनिंग आहे. वैशाखात ते बंद, राखणीला एकटा पुंजाराम. बारा दिवसांपूर्वी दुपारी सरकीच्या ढिगाजवळ त्याला पान लागलं, म्हणजे साप डसला. दवाखाना पाऊण कोसावर. तो कसाबसा ऑफिसात गेला आणि फोनचं हँडल फिरवलं. इथे चौदा नंबरची झडप पडली. बेबीताईंच्या हातात एक दोर मोकळा नव्हता. त्यांना वाटलं, राखणदार उगाच हँडल फिरवून पाहतो आहे, नेहमी पाहायचा. झडप पुन्हा पडली. अशी अकरा वेळा पडली. एक दोर उपसला असता तर काम झालं असतं, पण दहाही दोरांवर कुणीतरी श्वास घेत होतं. संध्याकाळी पुंजाराम फोनखालीच सापडला.

“अकरा खेप मोजली मी,” त्या म्हणाल्या. “मोजत बसली नुसती.”

देवमन कामाला लागला. दहाही दोर तपासले, एकातही खोट नाही. दुपारपर्यंत बेबीताईंच्या शेजारी स्टुलावर बसून त्यानं एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर प्रत्येक फोन टिपला, कुणाचा, कुणाला, कोणत्या दोरावर, सुटला की अडकला. अडकलेल्यांत काही मेळ लागेना. कधी आडत्याचा, कधी स्टेशनमास्तरचा, कधी पोलीस थाण्याचा. तो उन्हातान्हात प्रत्येकाकडे जाऊन आला. सगळीकडे फोन जागेवर नीट ठेवलेला. खांबावर चढून तारा पाहिल्या, कुठे तार तारेला टेकलेली नाही. जिनिंगमध्येही गेला. ऑफिसला पोलिसांचं कुलूप होतं, दिवाळीपर्यंत कोणी येणार नव्हतं, म्हणून खांबावरूनच त्यानं जिनिंगची तार सोडून गुंडाळून ठेवली. तेवढी एक कटकट कमी.

परत आला तेव्हा सात दोर अडकलेले. त्यानं एकावर कान लावला. आडत्याच्या दुकानातून डॉक्टरकडे केलेला फोन, दोघंही कधीचे फोन ठेवून गेलेले, आणि मधे श्वास चालू होता. सावकाश. दर दोन श्वासांनंतर थोडा थांबणारा. पत्रा तापून तडतडत होता आणि देवमनच्या कानाशी गार वाटत होतं. त्यानं दुसऱ्या दोरावर कान लावला. तिथेही तोच श्वास, तिथेही दोनांनंतर थांबणारा. सातही दोरांवर एकच माणूस होतं.

तो घाबरला का? नाही. त्याला वाटलं, आपण आता घाबरायला पाहिजे. मग त्यानं फॉर्मवर ‘श्वास एकच’ असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

शनिवारी तो फॉर्म पुन्हा पुन्हा वाचत होता. शेवटी त्याच्या लक्षात आलं की पाहायचं होतं ते त्यानं टिपलंच नव्हतं. कोण कुणाशी बोललं याला अर्थ नाही. ज्यांनी शेवटी हँडल फिरवलं त्यांचे दोर सुटत होते. जे विसरत होते, आणि ज्यांच्यावर बेबीताईंना मधे जाऊन ‘बोलणं झालं काय’ विचारावं लागत होतं, तेवढेच अडकत होते. विचारण्याआधी तिथे कोणी नसे. विचारलं की श्वास येई.

त्यानं बेबीताईंना सांगितलं की आज विचारू नका, वेळ झाली की मी मुकाट्यानं काढतो. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी ऐकलं. बारा वाजेपर्यंत एकही दोर अडकला नाही. एक वाजला, दोन वाजले, दहाच्या दहा मोकळे. मग स्टेशनमास्तरच्या फोनवर सवयीनं बेबीताईंच्या तोंडून तो प्रश्न निघून गेला. विचारलं आणि त्यांनी जीभ चावली. देवमननं कान लावला. श्वास आला होता.

म्हणजे कारण सापडलं. विचारू नका, सरळ काढा, एवढं लिहून दिलं की बेबीताईंची नोकरी वाचत होती आणि तो उद्याच्या गाडीनं घरी जाऊ शकत होता. पण आतमध्ये एखादी तार सैल असेल, ती पाहून घ्यावी म्हणून त्यानं बोर्डाची मागची फळी उघडली. कामाचा माणूस, अर्ध्यावर सोडणं त्याला जमत नसे. फळीच्या आतल्या बाजूला जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘जोडी चार नवीन घातली. दे.’ आणि खाली तारीख, सन एकसष्टची.

अक्षर त्याचंच होतं.

त्यानं बेबीताईंना विचारलं की हा बोर्ड आला कुठून. त्या म्हणाल्या, अकोल्याहून, तिकडे नवा मोठा आला म्हणून हा जुना इकडे पाठवला, महिना झाला, हिरवा रंग काय तो नवा. देवमननं फळी भिंतीला टेकवून ठेवली. मग त्यानं उठून स्टेशनमास्तरच्या दोरावर पुन्हा कान लावला, आणि या खेपेला बराच वेळ लावून ठेवला. श्वासाच्या मधे, फार बारीक, एक आवाज होता. काचेची बांगडी लोखंडाला लागावी तसा. टक. मग थांबून पुन्हा टक.

तो फळी बसवून बाहेर गेला आणि निंबाखाली बसून राहिला. त्या रात्री तो थाण्याच्या ओसरीवर झोपला, म्हणजे नुसता पडला.

जे त्यानं मायलाही सांगितलं नव्हतं, ते मी सांगतो. बासष्टमध्ये पंचफुला गेली त्या दिवशी अकोल्याच्या बोर्डावर ऑपरेटर आली नव्हती म्हणून देवमनलाच बसवलं होतं, आणि नेमका नागपूरचा एक साहेब तपासणीला येऊन पाठीशी उभा होता. अमरावतीहून ट्रंककॉल आला. नर्स म्हणाली, देवमन कोण आहे, त्यांच्या बाईला बोलायचंय, धरा. मग नर्सची पावलं लांब गेली. श्वास आला. बांगडी खाटेच्या लोखंडी दांडीला लागत होती. बोलणं मात्र येत नव्हतं. साहेबानं घड्याळ काढलं. पंचफुला, बोल, असं म्हणायचं सोडून देवमननं काय करावं? कोणत्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं त्यानं तिला विचारलं, बोलणं झालं काय? पुन्हा विचारलं. दोनदा, नियमाप्रमाणे. मग चार नंबरचा दोर काढला आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘झालं’. साहेबानं त्याची पाठ थोपटली. दुपारी ती गेल्याची तार आली.

आता रविवार. बोर्ड दुपारी दोन ते चार उघडा असायचा. देवमन गाडीला गेला नाही. पोस्टाच्या गल्लीतून येताना त्यानं पाहिलं, कंपाउंडर दवाखान्याला कुलूप लावून एस.टी.कडे पळत होता. रविवारी तो तेल्हाऱ्याला घरी जायचा, आणि डॉक्टर तर शनिवारीच गेले होते.

बेबीताईंनी विचारलं, कागद लिहिला काय. त्यानं खिशातला कागद दाखवला, कोरा. ‘विचारू नका, सरळ काढा’ हे त्याच्यानं लिहवत नव्हतं. ते लिहिलं असतं तर आणखी एकदा तिला तोडलं असतं, आणि या खेपेला कायमचं, सहीनिशी. पण बेबीताईंना यातलं काय सांगणार? तो म्हणाला, तुमी आज विचारा. ज्याचं त्याचं बोलणं झालं की सगळ्यांना विचारा.

रविवारचे फोन ते किती. साडेतीनला दहावा दोर अडकला. बेबीताई खुर्चीवरून उठल्या. देवमन बसला. त्यानं कानाचं यंत्र डोक्यावर चढवलं आणि चार नंबरच्या जोडीची कळ दाबली. श्वास होता. बांगडी होती. त्याचा आवाज रोजच्यासारखाच निघाला.

“बोल,” तो म्हणाला. “मी आहो.”

वाळ्याच्या पडद्यावरून पाणी टपकत होतं, तेवढंच.

“घाई तं नाई ना तुमाले…” पंचफुला म्हणाली.

“नाई.”

मग ती बोलत राहिली. काही मोठं नव्हतं हो. पत्र्यावरचा दगड सरकला आहे, पावसाच्या आधी नीट ठेवा. मायच्या डोळ्याचं औषध कोनाड्यात मागच्या बाजूला आहे, ती शोधत बसेल. पौर्णिमेची पांढरी साडी धुवायची राहिली. मधेच म्हणाली की तहान लागून राहिली, मघापासून मागून राहिली, इथे कोनी आयकत नाही, तुमी खात्यातले आहा, तुमी सांगा नर्सले. फोन त्यासाठी लावायला सांगितला होता तिनं. एक पेला पाण्यासाठी.

देवमननं हात लांबवून माठावरचा पेला भरला आणि बोर्डाच्या कडेवर ठेवला. “हे घे,” तो म्हणाला. “भरून ठेवला.”

श्वास थांबला. एक, दोन, तीन… आणि पुन्हा सुरू झाला, तेव्हा तो न अडखळता चालत होता.

“झालं माहं,” ती म्हणाली. “ठेवू काय?”

“ठेव.”

बोर्डावरच्या झडपा खटाखटा पडल्या, एकामागून एक. दहाही दोर सुटले. देवमननं ते सावकाश काढले आणि खाली ओळीत लावले. बेबीताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पेल्याकडे पाहिलं नाही, मीही त्याबद्दल काही सांगणार नाही. देवमनच्या डोळ्यांना पाणी आलं नव्हतं. फक्त कान दुखत होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी दुखतंय हे त्याला समजलं.

त्यानं कागद पुढे ओढून लिहिलं, ‘दोष यंत्राचा नाही व ऑपरेटरचाही नाही. सन बासष्टमध्ये या बोर्डावर एक बोलणं अपुरं असताना झालं असं लिहिण्यात आलं. लिहिणारा मी. ते आज झालं.’ खाली सही केली. बेबीताईंनी वाचलं आणि म्हणाल्या की हे पाठवलं तर तुमचीच नोकरी जाईल, भाऊ. तो म्हणाला, जाऊ द्या. त्या जरा हसल्या देखील. पिशवीत पकड, कथील भरता भरता त्यालाही वाटलं की चारच्या गाडीनं निघावं, मायला त्या औषधाचं सांगावं.

तेवढ्यात झडप पडली. चौदा नंबरची.

देवमननं ती बोटानं वर केली. जिनिंगची तार त्यानं स्वतःच्या हातानं खांबावर सोडून ठेवली होती. झडप पुन्हा पडली. त्यानं पुन्हा वर केली. पुन्हा पडली.

“आताबी अकरा खेप पडते ते, त्या दिवशीसारखी,” बेबीताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा कोरडा होता. त्यांनी देवमनला खुर्चीवरून उठवलं, बसल्या, आणि एक दोर चौदाच्या भोकात खोचला. देवमननं तपासणीचा फोन लावून ऐकलं.

“नंबर?” बेबीताईंनी विचारलं.

“बाई… दवाखाना देता काय,” पुंजारामचा आवाज होता, दमलेला, पण तक्रार नसलेला. “पाय जड होऊन राहिला…”

“देते. फोन नका ठेवू, भाऊ. मी हातानं लावून देते.”

देवमनला सांगायचं होतं की दवाखान्याला कुलूप आहे, आत माणूस नाही. पण बेबीताईंनी जोडीचा दोर दवाखान्याच्या भोकात खोचला होता आणि हँडल फिरवलंही होतं. दोन गल्ल्यांपलीकडे बंद दाराआड घंटी वाजत राहिली. दोघंही तिकडे कान देऊन होते. मग ती थांबली. पलीकडे कुणीतरी फोन उचलला.

कोणी बोललं नाही. नुसता श्वास, सावकाश, न अडखळणारा. आणि देवमनला ओळखीचा तो आवाज, लोखंडाला लागलेल्या काचेचा. टक. मग थोडं थांबून, टक.

बेबीताईंनी कळ सोडून दिली. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नसतं. घड्याळ पाहून चिठ्ठीवर वेळ लिहिली आणि ‘झालं’ची जागा तशीच कोरी ठेवली. चार वाजले, गाडीनं हॉर्न दिला. त्यांनी दोर काढला नाही, आणि देवमननंही काढा म्हटलं नाही.